मन की बात नाही, मनाच्या नोकरीची बात : असिस्टंट सायकॉलॉजिस्ट व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी पुण्यातून सायकॉलॉजीत एमए केलंय. लग्नानंतर लेस्टरला आले, नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आणि मी डिपेंडंट. एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, असिस्टंट सायकॉलॉजिस्टच्या (सायकॉलॉजिस्टच्या हाताखाली काम करणाऱ्या मदतनिसाच्या) जागांना अर्ज टाकून टाकून कंटाळले, एकदाही इंटरव्ह्यूला बोलावलं नाही. आता एका डिमेन्शिया वॉर्डवर हेल्थकेअर असिस्टंटचा जॉब मिळतोय. सासूबाई म्हणतात, एमए करून आता म्हाताऱ्यांची अंगं पुसणार का? मलाही भीती वाटते की एकदा हा शिक्का बसला की बसला. काय करू?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : घ्या तो जॉब. शिक्काबिक्का काही बसत नाही. तिकडे क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला पोचलेल्या कितीतरी जणांच्या सीव्हीत सुरुवातीला हेल्थकेअर असिस्टंट, सपोर्ट वर्कर, केअर होम असलंच काहीतरी असतं आणि निवड करणाऱ्या पॅनेलवरच्या लोकांना ते चांगलं माहीत असतं.

आणि अंग पुसण्याबद्दल म्हणाल तर हो, पुसावं लागेल, जेवण भरवावं लागेल, कधी शिव्या पण खाव्या लागतील. पण त्याच वॉर्डवर रोज संध्याकाळ झाली की एखाद्या आजी पर्स घेऊन दाराशी उभ्या राहतात, मुलं शाळेतून यायची वेळ झाली म्हणतात, कोणी 'तुमची मुलं साठीची आहेत हो' असं समजवायला गेलं की अजून चिडतात आणि कोणी नुसतं 'मुलांची नावं काय हो आजी' विचारलं तर शांत होतात. हे सगळं एबीसी चार्टवर लिहायचं असतं, आधी काय घडलं, त्यांनी काय केलं, नंतर काय झालं. वॉर्डची सायकॉलॉजिस्ट आपलं फॉर्म्युलेशन, म्हणजे हा माणूस असा का वागतो याचा अंदाज, अशाच नोंदींवरून बांधते. तुम्ही नीट नोंदी ठेवणाऱ्या म्हणून तिच्या नजरेत आलात की थोड्या दिवसांनी सरळ विचारा, टीमच्या फॉर्म्युलेशन मीटिंगला बसू का, एखाद्या ऑडिटला (वॉर्डचं काम ठरल्याप्रमाणे होतंय का याच्या तपासणीला) मदत करू का. नाही म्हणाली तर नाही म्हणाली.

पण तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिलीच नाहीये आणि मला वाटतं घोडं तिथेच पेंड खातंय. जीबीसी, म्हणजे ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप, घेतलंय का? ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी तुमची डिग्री त्यांच्या डिग्रीच्या बरोबरीची आहे का ते बघून हे देते आणि बहुतेक जाहिरातींत ते 'इसेन्शियल'मध्ये असतं, नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत बाहेर, पुढचं कोणी वाचतही नाही. भारतातल्या डिग्रीसाठी ट्रान्सक्रिप्ट आणि सिलॅबस पाठवावा लागतो. सोशल, डेव्हलपमेंटल, कॉग्निटिव्ह, बायोलॉजिकल, इंडिव्हिज्युअल डिफरन्सेस, रिसर्च मेथड्स हे सगळं झालंय का ते बघतात आणि स्वतः डेटा गोळा करून केलेला प्रोजेक्ट लागतो. एमएचं डिझर्टेशन शोधून ठेवा. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला किती हेलपाटे पडतात ते मी सांगायला नको, पुण्यात कोणी असेल तर आजच कामाला लावा. काही कमी पडलं तर ते भरून काढायला तिथे कन्व्हर्जन कोर्स असतो, पण पैसे जातात, त्यामुळे आधी जीबीसीचा अर्ज.

आता अर्ज लिहिण्याबद्दल. या जागांवर अर्जांचा इतका पाऊस पडतो की शेवटच्या तारखेआधीच जाहिरात बंद करतात. एनएचएस जॉब्सच्या वेबसाइटवर अलर्ट लावा आणि सपोर्टिंग स्टेटमेंटचा, म्हणजे अर्जात 'मी या जागेला योग्य का' हे लिहितात त्या मजकुराचा, कच्चा मसुदा तयार ठेवा, पण तोच सगळीकडे चिकटवू नका. जाहिरातीसोबत पर्सन स्पेसिफिकेशन, म्हणजे उमेदवारात काय काय हवं याची यादी असते, त्यातला एकेक मुद्दा घ्यायचा आणि त्याखाली तुम्ही केलेलं एक खरं काम लिहायचं. 'मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड आहे' याला शून्य मार्क. आणि आपली एक सवय आहे ना, आम्ही सर्व्हे केला, आमच्या ग्रुपने वर्कशॉप घेतलं, तिथे ते चालत नाही, पॅनेल विचारतं तुम्ही काय केलंत? मी प्रश्नावली बनवली, मी एसपीएसएसवर (स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरवर) अ‍ॅनालिसिस केलं असं लिहा, उद्धटपणा वाटत नाही कोणाला.

इंटरव्ह्यूला बहुतेक एक प्रसंग देतातच. क्लायंट म्हणते, कोणाला सांगणार नसाल तर सांगते, मी स्वतःला इजा करते. बरेच जण इथे समुपदेशनच सुरू करतात. पॅनेलला ऐकायचं असतं की गुप्ततेची मर्यादा तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितली होती, आत्ता शांतपणे ऐकून धोका किती आहे ते विचाराल, त्याच दिवशी सुपरव्हायझरला कळवाल आणि नोंद कराल. असिस्टंटने एकटीने निर्णय घ्यायचा नसतो, आणि हे जिला कळलंय तिला जागा मिळते.

जॉब मिळालाच तर ग्लॅमर फार नसतं हेही आधीच सांगते. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ चे (नैराश्य आणि चिंता मोजायच्या प्रश्नावलींचे) फॉर्म भरून घेऊन एक्सेलमध्ये टाकणं, मेमरी क्लिनिकमध्ये टेस्ट घेणं, ग्रुपसाठी खुर्च्या लावण्यापासून हँडआउटपर्यंत सगळं, ऑडिट, आणि नोट्स, नोट्स, नोट्स. पगार साधारणपणे एनएचएसच्या श्रेणींतला बँड ४, म्हणजे २०२५-२६ च्या स्केलने वर्षाला साधारण २७ ते ३० हजार पौंड. तुमच्या डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येते, स्पॉन्सर शोधायचा नाहीये, ही मोठी सोय आहे. (भारतात बसून या जागेसाठी व्हिसा काढून देतो म्हणणाऱ्या एजंटला कृपया कोणी पैसे देऊ नका.)

दुसरी वाट म्हणजे एनएचएस टॉकिंग थेरपीज, २०२३ पर्यंत याला आयॅप्ट म्हणायचे. तिथे ट्रेनी पीडब्ल्यूपी (सायकॉलॉजिकल वेलबीइंग प्रॅक्टिशनर) म्हणून पगार घेत ट्रेनिंग होतं. फक्त इंग्लंडमध्ये नियम असा की असं एनएचएसच्या पैशाने ट्रेनिंग झालं की पास झाल्यापासून २ वर्षं दुसऱ्या सायकॉलॉजी ट्रेनिंगला फंडिंग नाही, आणि डॉक्टरेट त्यातच येते. ती ३ वर्षांची, बँड ६ चा पगार आणि फीसुद्धा एनएचएस भरतं, पण तुमच्या व्हिसावर ते लागू होतं का हे त्या त्या कोर्सला मेल करून विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

प्रश्न : मॅडम, एमए झाल्यावर एका खासगी क्लिनिकमध्ये 'असिस्टंट सायकॉलॉजिस्ट' म्हणून लागले. पंधरा दिवसांतच पेशंट एकटीने बघायला लावले, आयक्यू रिपोर्टवर माझीच सही घेतात. सर महिन्यातून एकदा येतात. घरचे म्हणतात अनुभव मिळतोय ना, गप्प बस.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गप्प बसू नकोस. हा अनुभव नाहीये, ही तुझ्या नावावर टाकलेली जोखीम आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, नोंदणी लागते आणि १९९२ च्या आरसीआय कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. दंड मात्र १००० रुपयांपर्यंतच, त्यामुळे कोणी घाबरत नाही ते सोडून दे. त्या आयक्यू रिपोर्टवर एखाद्या मुलाचं प्रमाणपत्र, शाळेतली सवलत अवलंबून असते. उद्या कोणी विचारलं तर सर नाही, तू उभी राहणार.

'असिस्टंट सायकॉलॉजिस्ट' हे पद ब्रिटनमध्येही कायद्याने राखीव नाही, राखीव आहे ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. म्हणजे असिस्टंटची पाटी कोणीही देऊ शकतं, दोन्हीकडे. ती नोकरी शिकण्याची आहे की राबवून घेण्याची हे एकाच गोष्टीवरून कळतं, सुपरव्हिजन. आठवड्याला ठरलेला तास, तुझ्या केसेसवर बोलणारा नोंदणीकृत माणूस, आणि रिपोर्टवर त्याची सही त्याच्या सीआरआर नंबरसकट (आरसीआयचा नोंदणी क्रमांक). केस हिस्टरी घे, सरांनी शिकवल्यावर टेस्ट घे, स्कोअरिंग कर, मसुदा लिही, इथपर्यंत ठीक.

सरांना हे लेखी माग, मेलवर. दिलं तर उत्तम. नाही दिलं तर दुसरीकडे बघायला लाग. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) १९९० पासून आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, जागा किंवा ट्रेनिंग आहे का विचार, पगार कमी असला तरी. आणि तोवर एखादा पेशंट जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला तर लगेच सरांना फोन, नातेवाइकांना सांगणं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्यांच्या हातात. एकटीने सेशन रेटू नकोस.

प्रश्न : बीए थर्ड इयरला आहे. ५ हजारात ऑनलाइन 'सर्टिफाइड असिस्टंट सायकॉलॉजिस्ट' कोर्स आहे. करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नको. त्याने कुठलीच नोंदणी होत नाही. त्यापेक्षा स्टॅटिस्टिक्स पक्कं कर (हो, तेच जे ऑप्शनला टाकलंयस) आणि थर्ड इयरचा प्रोजेक्ट कॉपी न मारता कर. पुढे क्लिनिकलला जायचं असेल तर कोर्सची रचना सध्या बदलतेय, एमफिलच्या जागी नवीन डिग्र्या येताहेत, म्हणून फी भरायच्या आधी त्या कॉलेजचं नाव आणि त्या वर्षाची मान्यता आरसीआयच्या वेबसाइटवर स्वतः बघ. कॉलेजच्या माहितीपत्रकावर 'मान्यतेसाठी अर्ज केला आहे' असं लिहिलेलं असेल तर ती मान्यता नाही.