पाचवीतल्या मुलीला १/८ हा १/४ पेक्षा मोठा का वाटतो

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. मुलगी चौथीपर्यंत गणितात पुढे होती, आणि आता पाचवीत 'आठ चारपेक्षा मोठे, म्हणून १/८ मोठा' म्हणते, १/२ + १/३ = २/५ लिहिते. ती कच्ची आहे का आणि आत्ताच क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात २६ वर्षं चौथी ते सातवीला गणित शिकवलं, आधी मराठी माध्यमात आणि शेवटची काही वर्षं सेमी-इंग्रजी वर्गांना. ही दोन्ही उत्तरं मी दरवर्षी पाहिली आहेत, आणि ती चांगला विचार करणाऱ्या मुलांच्या वहीतही असायची. तुमची मुलगी कच्ची नाही. तिला आतापर्यंत जे आलं, तेच ती नव्या जागी वापरून बघते आहे.

आधी २/५ बद्दल बोलते, कारण आईवडील त्यानेच जास्त घाबरतात. तिच्या चाचणीच्या पेपरवर बाई गुण कसे लिहितात? ८/१०. पहिल्या प्रश्नाला २ पैकी १ गुण, दुसऱ्याला ३ पैकी १, तर एकूण ५ पैकी २. गुणांच्या बाबतीत तिची बेरीज अगदी बरोबर आहे! ही तिरकी रेघ ती पहिलीपासून बघतेय, आणि अपूर्णांकातली रेघ वेगळी आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. गुणांमध्ये 'पूर्ण' वाढत जातं, २ आणि ३ मिळून ५ होतात. अपूर्णांकात पूर्ण तेवढंच राहतं, एकच भाकरी किंवा एकच मीटर.

तिला विचारा, "अर्धी भाकरी खाल्लीस, मग त्याच भाकरीचा आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. आता अर्धीपेक्षा जास्त झाली की कमी?" ती 'जास्त' म्हणेल. मग विचारा, "आणि पाच सारखे तुकडे करून दोन खाल्ले तर?" ते अर्धीपेक्षा कमी भरतात, हे तिचं तिलाच दिसेल. तिथे ती थबकेल. त्या क्षणी कृपा करून लसावि सांगू नका. एक-दोन दिवस तिला त्या अडचणीत राहू द्या. छेद सारखा का करायचा, हा प्रश्न पडल्याशिवाय 'छेद सारखा करा' हे वाक्य मुलांच्या डोक्यात टिकत नाही. मी सुरुवातीची काही वर्षं नियमच आधी द्यायचे. सहामाहीत वर्ग छान गुण मिळवायचा, आणि संक्रांतीपर्यंत निम्मी मुलं पुन्हा अंशात अंश, छेदात छेद मिळवायला लागायची.

आता १/८. चार वर्षं तिने संख्येबद्दल एकच गोष्ट पक्की केली आहे: पुढे मोजत गेलं की संख्या मोठी होते. अपूर्णांकात अचानक खालची संख्या वाढली की तुकडा लहान होतो. पूर्ण संख्यांचा हा पगडा जगभरच्या मुलांवर असतो. अमेरिकेत १९७८ साली तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं उत्तर साधारण किती, एवढंच विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकेक आहेत, म्हणून उत्तर २ च्या आसपास. ते निवडणारी मुलं २४ टक्केच होती. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ वर खूण केली, कारण त्यांनी नुसते अंश किंवा नुसते छेद मिळवले. तुमची लेक त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान आहे.

ही समज कशी वाढत येते ते थोडं सांगते, म्हणजे ती कुठे उभी आहे ते कळेल. चार-पाच वर्षांची मुलं 'तुला एक, मला एक' करत वाटणी करतात, पण तुकड्यांची संख्या सारखी झाली की झालं, आकाराकडे लक्ष नसतं. 'मला मोठं अर्धं दे' हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलं असेल. पहिली-दुसरीत अर्धं म्हणजे सारखे दोन, हे बसतं. मग मुलं अर्ध्याचं अर्धं करत जातात: दोन, चार, आठ. तीन किंवा पाच सारखे भाग करणं त्यानंतर बऱ्याच उशिरा जमतं. पोथिए आणि सावादा या संशोधकांनी १९८३ साली मुलांच्या वाटणीतला हा क्रम मांडला: आधी निम्मं करत जाणं, मग इतर सम भाग, विषम भाग शेवटी. वर्तुळात तीन सारखे भाग काढायला सांगा, तिसरीतली मुलं दोन उभ्या रेघा मारून मोकळी होतात.

आणि इथेच मला आपल्या भाषेबद्दल बोलायचं आहे, कारण घरात पडून असलेलं सगळ्यात मोठं साहित्य तेच आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. यातल्या प्रत्येक मापाला एकेक शब्द आहे. पाऊण म्हणताना वर तीन खाली चार असं काही मनात येत नाही, एक अख्खं माप डोळ्यांसमोर येतं, एकाला पाव कमी. आपल्या आज्या-पणज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, त्यामुळे चार आणे म्हणजे पाव रुपया हे रोजच्या व्यवहारातच असायचं. ते पाढे परत आणा असं मी म्हणत नाही. पण हे शब्द मुलांच्या कानांवरून गेले नाहीत तर त्यांचं फार नुकसान होतं. शेवटच्या वर्षांत मी वर्गात 'पावणेसहा म्हणजे किती वाजले?' विचारलं की कितीतरी मुलं एकमेकांकडे बघायची. घरी 'फाइव्ह फॉर्टीफाइव्ह' चालतं, मग पावणेसहातला 'सहाला पाव कमी' तिथेच हरवतो.

तिला मंडईत घेऊन जा. पाव किलो गवार, दीड किलो कांदे, सव्वाशे ग्रॅम मिरच्या तिला मागू द्या. हे सव्वाशे ग्रॅम म्हणजे पाव किलोचं निम्मं, म्हणजेच किलोचा आठवा हिस्सा. दोन्ही पिशव्या हातात आल्यावर १/८ मोठा की १/४, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मात्र या शब्दांनाही मर्यादा आहे. आपली जुनी मापं बघा: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. एक, अर्धा, पाव, आठवा, सोळावा. सगळी निम्मं-निम्मं करत आलेली. तिसऱ्या किंवा पाचव्या हिश्शाला त्यात जागाच नाही. म्हणून १/३ आणि १/५ आले की घरची भाषा साथ सोडते आणि तिथे मुलांना हातांनी काही करावं लागतं.

त्यासाठी कागदाच्या पट्ट्या. वर्तमानपत्राच्या लांब कडेच्या, चार बोटं रुंद, सगळ्या अगदी एकाच लांबीच्या. एकीला घड्या घालून दोन भाग, दुसरीला चार, तिसरीला आठ. मग तीन आणि सहा. तीनची घडी पुढेमागे सरकवत जमवावी लागते, ती तिलाच करू द्या, वेळ लागला तरी. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की १/२, २/४ आणि ३/६ एकाच रेषेत येतात. पुस्तकातले सममूल्य अपूर्णांक ते हेच. आता १/२ आणि १/३ हे तुकडे एकापुढे एक लावायला सांगा, आणि कुठल्या पट्टीच्या घड्या दोन्ही तुकड्यांशी जुळतात ते शोधू द्या. सहाच्या जुळतील, तीन आणि दोन मिळून पाच भाग, ५/६. लसावि तिला तिथे भेटेल, आणि कशासाठी ते माहीत असेल. पुस्तकात सगळीकडे भाकरी, पिझ्झा, केकची गोल चित्रं असतात. वाटणीला ती छान, पण मोजायला आणि तुलना करायला पट्टीच बरी. गोलात मुलांच्या भाकऱ्या लहानमोठ्या निघतात, आणि लहान भाकरीचा अर्धा मोठीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा छोटा दिसतो.

यापुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच बहुतेक वेळा घाईत सुटतो. '४ पैकी ३' असं वाचत राहिलं तर ३/४ ही दोन संख्यांची जोडी राहते, संख्या होत नाही. मग ५/४ आला की मूल विचारतं, "चारपैकी पाच कसे घेणार?" प्रश्न रास्त आहे. 'पैकी'च्या भाषेत ५/४ ला अर्थच नाही. पण पावाने मोजायला लावा: एक पाव, दोन पाव म्हणजे अर्धा, तीन पाव म्हणजे पाऊण, चार पाव म्हणजे एक, पाच पाव म्हणजे सव्वा, सहा पाव म्हणजे दीड. पट्टीला दुसरी पट्टी जोडा, सव्वा त्या रेषेवर एकाच्या पुढे जाऊन बसतो. माझ्या वर्गातली एक मुलगी हे करता करता म्हणाली होती, "म्हणजे पाव हे पण मोजायचं माप आहे." तिला अपूर्णांक कळला, असं मला त्या दिवशी वाटलं. तसंच मग 'एक तृतीयांश, दोन तृतीयांश, तीन, चार' असं मोजत एकाच्या पुढे जाता येतं.

वाटणीचा एक खेळही जरूर खेळा: ३ भाकऱ्या ४ मुलांत कशा वाटाल? बहुतेक मुलं आधी दोन भाकऱ्यांची अर्धी-अर्धी करून सगळ्यांना देतात, मग तिसरीचे चार भाग. प्रत्येकाला अर्धी आणि पाव, म्हणजे पाऊण. ३ ÷ ४ आणि ३/४ एकच आहेत, हे नियम न सांगता हाती लागतं. नेदरलँड्समध्ये स्ट्रीफलँड या संशोधकांनी अशा वाटणीवर अपूर्णांकांचं सगळं शिकवणं उभं केलं होतं, आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही या दिशेने काम झालेलं आहे.

सहावीत पुन्हा एक धक्का येईल, तेव्हा दचकू नका. गुणलं की वाढतं आणि भागलं की कमी होतं, हा विश्वास तिथे मोडतो. अर्ध्याला पावाने गुणलं की आठवा हिस्सा. आणि ६ ÷ १/२ = १२. त्यासाठी सहा लिटर दूध अर्ध्या लिटरच्या किती पिशव्यांत मावेल, एवढंच विचारा. भाजकाचा अंश-छेद उलटवून गुणायचं, हे भास्कराचार्यांच्या लीलावतीतही, म्हणजे ११५० च्या सुमाराला, लिहिलेलं आहे. नियम जुना आणि खरा आहे, फक्त तो पिशव्या मोजून झाल्यावर सांगावा. दोन अपूर्णांकांच्या मध्ये नेहमी आणखी एक अपूर्णांक सापडतो, म्हणजे १/४ च्या 'पुढचा' असा कुणी नसतोच, हे तर सातवी-आठवीतही अनेकांना पटत नाही. ते आत्ता राहू द्या.

क्लासचं विचाराल, तर आत्ता नको. हा विषय मनावर घ्यायला हवा हे खरं. २०१२ साली सिग्लर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार ज्यांना चांगले येत होते, त्यांचं पुढे हायस्कूलमधलं बीजगणितही चांगलं निघालं, घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक हिशोबात धरूनसुद्धा. म्हणूनच पाया घाईत भरायला नको. क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात तिला तिरका गुणाकार शिकवतील, तुलना पटापट यायला लागेल, आणि तुम्हाला वाटेल की झालं. त्याऐवजी रोज रात्री पंधरा मिनिटं द्या, पट्ट्या आणि एकच प्रश्न: "हा अर्ध्यापेक्षा मोठा की लहान?" ३/७? सातचं निम्मं साडेतीन, म्हणून लहान. ५/९? नऊचं निम्मं साडेचार, म्हणून मोठा. दोघांत मोठा कोण ते कळलं, छेद सारखा न करता.

तीन आठवड्यांनी तिला १२/१३ + ७/८ साधारण किती ते कागद-पेन्सिल न देता विचारा, आणि ती काय म्हणाली ते इथे लिहा. उत्तरापेक्षा तिने सांगितलेलं कारण शब्दशः लिहिलंत तर पुढे काय करायचं ते मला नीट सांगता येईल.