एखादा सेलिब्रिटी समलैंगिक असल्याचं जाहीर करतो, तेव्हाच्या बातम्यांनी खेड्यातल्या पोरांना धीर येतो की त्रासच वाढतो?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मानधनावरचा वार्ताहर आहे, म्हणजे पोट शेतीवर आणि नाव पेपरात. माझ्या पाहण्यात, पहिल्या दिवसाच्या बातमीनं धीर येऊ शकतो. त्रास सुरू होतो दुसऱ्या दिवसापासून.

परदेशी माणसाचं आमच्याकडे कोणाला सोयरसुतक नसते. ॲपलच्या टिम कुक यांनी 2014 मध्ये स्वतः लेख लिहून सांगितलं, पानठेल्यावर कोणी पान थुंकायलाही थांबलं नाही. चर्चा झाली ती मे 2019 मध्ये, धावपटू द्युती चंदची. ओडिशातल्या खेड्यातली, विणकराची पोरगी, धावून धावून वर आलेली. गावातल्याच एका मुलीवर आपलं प्रेम आहे असं तिनं सांगितलं. त्या मुलीचं नाव मात्र तिनं घेतलं नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 लाच लागला होता, प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नव्हते, त्यामुळे कायद्याचा धाकही नव्हता.

पण मग कॅमेरे तिच्या गावात पोचले. आई आणि बहीण मायकापुढे विरोधात बोलल्या, आणि बातमी एकदम घरच्या भांडणाची झाली. आमच्याकडे पेपर वाचून दाखवणारा म्हणाला, "मायच्या जिवाले किती घोर लागला असन!" झालं, सगळी दया मायला. आणि त्या दुसऱ्या मुलीचं काय? एवढ्याशा गावात कॅमेरा शिरला की नाव छापायची गरजच राहत नाही. जुलैत द्युतीनं नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं, 11.32 सेकंदांत. त्यावर पानठेल्यावर एक शब्द नाही.

अशी बातमी आली की पेपरच्या संपादकीय डेस्कवरून फोन ठरलेला: "तालुक्यातून तीन प्रतिक्रिया पाठवा, फोटोसह." सरपंच, एखादे महाराज आणि एक डॉक्टर, हा नेहमीचा साचा. गंमत अशी, की बाजूनं बोलणारेही भेटतात. एका मास्तरनं मला गाडी थांबवून सांगितलं होतं, "त्यात काय वाईट आहे?" आणि लगेच, "पण माहं नाव नोको टाकू बावा." बरोबरच आहे, फोटो छापून आला की लोक त्याच्याच घराकडे बोट दाखवतील. बिननावाची प्रतिक्रिया डेस्क घेत नाही. मग छापून येते ते सगळं विरोधातलंच, आणि आपल्या कोपऱ्यात पेपर चाळणाऱ्या पोराला वाटते, अख्खा तालुका आपल्या विरोधात आहे.

शहरातले संपादक शहाणे असतील, असंही समजू नका. 2022 मध्ये सिडनीच्या एका मोठ्या पेपरनं अभिनेत्री रेबेल विल्सनला तिच्या एका स्त्रीशी असलेल्या नात्यावर बोलायला जेमतेम दोन दिवसांची मुदत दिली. तिनं त्याआधीच स्वतः जाहीर केलं, तर स्तंभलेखकानं वर कुरकूर छापली. टीका झाल्यावर तो मजकूर काढून माफी मागावी लागली.

मी आता फोन आला की प्रतिक्रिया गोळा करत नाही. 377 च्या निकालात काय म्हटलं आहे, ते चार ओळींत लिहून पाठवतो. कधी लागतात त्या ओळी, कधी वरच्या जाहिरातीपायी पडतात.