नवी प्रणाली चढवण्यापूर्वी
सांगलीत परदेशातून परतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून तुम्ही वापरलेला टीआय-84 प्लस सीई हा आलेख काढणारा, प्रोग्राम चालवता येणारा कॅल्क्युलेटर घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी 'सेकंड' आणि मग अधिकचिन्हाची कळ दाबून 'अबाउट'मध्ये प्रणालीची आवृत्ती पाहून घ्यावी. 2020 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने परीक्षांच्या सुरक्षिततेचे कारण देत नव्या आवृत्तीतून असेंब्ली आणि सी भाषेतील प्रोग्राम चालवण्याची सोय काढून टाकली, आणि एकदा ती चढवली की मागे फिरणे सहसा शक्य नसते. विकत घेतलेल्या यंत्रावर काय चालवायचे हे मालकानेच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. हौशी मंडळींनी पळवाटा शोधल्या आहेत खऱ्या, पण नवख्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. यंत्रातली बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र शाबूत आहे. आधी त्यातच हात बसवावा. संगणकाला जोडल्यावर प्रणाली अद्ययावत करण्याची विचारणा झाली, तर सरळ नकार द्यावा.