ड्यूक 390 वर स्टँडअलोन ईसीयू: घे, पण आधी वायरिंग उघड

जालन्याच्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा: 2014 ची केटीएम ड्यूक 390, बोअर करून मोठा पिस्टन, कॅम बदललेला, आखूड उघडा सायलेन्सर आणि वर पिगीबॅक, ज्यात गॅरेजवाल्याने पेट्रोल वाढवत नेलंय. इतका खर्च करूनही 402 मीटरच्या ड्रॅग शर्यतीला कंपनीच्या ईसीयूवर (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा संगणक) लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ लागतोय, आणि तिसऱ्या गिअरला वरच्या आरपीएमला गाडी मिसिंग मारते, म्हणजे अडखळते. गॅरेजवाला म्हणतो स्टँडअलोन घे, म्हणजे कंपनीच्या ईसीयूच्या जागी पूर्ण वेगळा ईसीयू; मित्र म्हणतात कार्बोरेटर लाव. आता काय करावं?

भाऊ, तुझ्या गाडीला स्टँडअलोन लागेल, माझं तेच मत आहे. पण या महिन्यात घेऊ नकोस. आत्ता घेतलास तर हीच मिसिंग नव्या डब्यावरही येईल आणि तेव्हा ती शोधणं दसपट अवघड जाईल. हे मी भोगलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पिगीबॅक कंपनीच्या ईसीयूच्या पुढे बसतो आणि इंजेक्टरकडे जाणारा सिग्नल लांबवतो किंवा आखडतो. मुळातला निर्णय कंपनीचा ईसीयूच घेतो, आणि तो 373 सीसीच्या मूळ इंजिनासाठी घेतो. कमी लोडवर ऑक्सिजन सेन्सर बघून तो मिश्रण स्वतः दुरुस्त करतो. म्हणजे तू पिगीबॅकमधून पेट्रोल वाढवलंस की तो मागून कमी करतो. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललेल्या गाडीला पिगीबॅक पुरतो, त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण पिस्टन आणि कॅम बदलले की इंजिनाची हवा ओढण्याची सवयच बदलते. मग दुसऱ्याच्या मापाचा सदरा किती उसवून शिवणार?

स्टँडअलोनमध्ये तो जुना ईसीयू निघूनच जातो. इथूनच लोकांचा मनस्ताप सुरू होतो. कंपनीच्या ईसीयूत इंजिनिअरांची कितीतरी महिन्यांची मेहनत भरलेली असते: थंडीत चालू होणं, गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू होणं, थ्रॉटल झटक्यात उघडल्यावरचं जादा पेट्रोल, बॅटरी उतरल्यावरची भरपाई. डबा बदलला की हे सगळं एका दिवसात हातून जातं आणि समोर तक्त्यातल्या रिकाम्या चौकटी उरतात. सोबत मिळणारा बेस मॅप (किती पेट्रोल, कधी ठिणगी याचा तयार तक्ता) इंजिन चालू व्हावं एवढ्यापुरता असतो. त्यावर कोणी ड्रॅगच्या पट्टीवर धावू नये.

आता माझी गोष्ट. संभाजीनगरजवळच्या वाळूजला दिवसभर कंपनीत आणि रात्री गॅरेजमध्ये अशी माझी बरीच वर्षं गेली. पहिला स्टँडअलोन लावला तेव्हा गाडी 8,000 च्या पुढे गेली की तुटक चालायची, अगदी तुझ्यासारखीच. मी इंजेक्टर बदलला, पंप बदलला, कॉइल बदलली. ज्यांच्याकडून डबा घेतला त्यांनी मॅप नव्याने करून पाठवला, तरी फरक पडला नाही. डबाही बदलून घेतला. पूर्ण एक सीझन वाया गेला. शेवटी सापडलं ते असं: क्रँक सेन्सरची (क्रँकवरचे दात मोजून इंजिन कुठे आहे ते ईसीयूला सांगतो तो) वायर आणि कॉइलची वायर मी एकाच पट्टीने बांधून फ्रेमवरून नेली होती, आणि प्लग बिनरेझिस्टरचा होता. प्रत्येक ठिणगीचा धक्का क्रँक सेन्सरच्या वायरीत उतरायचा. ईसीयूला वाटायचं क्रँकवरचा एक दात जास्त आला. मग तो सगळा हिशेब सोडून पुन्हा दात मोजायला बसायचा आणि तेवढ्या वेळात ठिणगी नाही, पेट्रोल नाही. कंपनीच्या वायरिंगमध्ये हे सगळं आधीच सांभाळलेलं असतं. आपण नवीन हार्नेस (वायरिंगचा संच) करतो तेव्हा ती जबाबदारी आपल्यावर येते.

म्हणून तू आधी हे कर. क्रँक सेन्सरला जाळीवाली वायर वापर, आणि जाळीचं अर्थिंग एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला दे. दोन्ही टोकांना दिलंस तर तीच वायर अँटेना बनते. सेन्सरांचं अर्थिंग वेगळं आणि कॉइल-इंजेक्टरचं वेगळं ठेव. प्लग घेताना नंबरात आर (रेझिस्टर) आहे का बघ. सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या नाहीत ना, हेही तपास, कारण मॅग्नेटिक सेन्सर उलट जोडला तरी गाडी चालू होते, फक्त टायमिंग सरकतं आणि वर गेल्यावर गोंधळ घालतं. आणि टायमिंग लाइट घेऊन प्रत्यक्ष बघ: स्क्रीनवर 10 अंश लिहिलंय तर मॅग्नेटच्या खुणेवरही 10 च दिसले पाहिजेत. यातली बरीचशी कामं पिगीबॅक असतानाच करता येतात. तुझी मिसिंग इथेच जाण्याची शक्यता मला खूप वाटते.

दुसरी जागा बॅटरीची. वजन कमी करायचं म्हणून पोरं चार्जिंग काढून टाकतात, छोटी बॅटरी बसवतात. इंजेक्टरला करंट मिळाल्यावर उघडायला थोडा वेळ लागतो, आणि व्होल्टेज उतरलं की तो वेळ वाढतो. समज 14 व्होल्टला 0.9 मिलिसेकंद लागतात आणि 11 व्होल्टला 1.4. फरक अर्ध्या मिलिसेकंदाचा. पण 10,000 आरपीएमला इंजिनाचं अख्खं चक्रच 12 मिलिसेकंदांचं असतं आणि त्यात इंजेक्टर 8 मिलिसेकंद उघडा असेल, तर अर्धा मिलिसेकंद म्हणजे सहा टक्के पेट्रोल गेलं. वर पंपाचा दाबही उतरतो. ते नेमकं घडतं पट्टीच्या शेवटी, जिथे इंजिन सर्वात गरम आणि लोड सर्वात जास्त. माझ्या जवळच्या मित्राचा पिस्टन असाच जळाला, मधोमध भोक. सगळ्यांनी मॅपला दोष दिला. लॉग (रनमध्ये ईसीयूने ठेवलेली नोंद) काढून बघितला तर फिनिशला बॅटरी 11.2 वर होती. इंजेक्टरचा व्होल्टेजचा तक्ता ज्याच्या त्याच्या इंजेक्टरचा असतो. तो मिळवल्याशिवाय पेट्रोलच्या तक्त्याला हात लावू नये.

आता आपल्या हवेबद्दल. हे मुंबईचे ट्यूनर आपल्याला सांगत नाहीत, कारण त्यांना ते सोसावं लागत नाही. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे 12 अंशांत मॅप केला आणि एप्रिलच्या दुपारी 40 अंशांत पळवला, तर हवा साधारण नऊ टक्के विरळ झालेली असते. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहे, म्हणजे चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या गावाच्या तुलनेत हवेचा दाब सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी. कुणाचा तरी चेन्नईचा मॅप जसाच्या तसा टाकलास तर इथे गाडी रिच, म्हणजे जादा पेट्रोलवर चालणार. चांगला स्टँडअलोन हवेचं तापमान आणि दाब दोन्ही बघून हे सांभाळतो, आणि हा त्याचा खरा गुण आहे. पण यातच एक खोच आहे.

हवेच्या तापमानाचा सेन्सर एअरबॉक्समध्ये, इंजिनाच्या डोक्यावर असतो. रांगेत उन्हात वीस मिनिटं उभं राहिलं की तो सेन्सर 65 अंश दाखवायला लागतो. बाहेरची हवा असते 38. ईसीयू त्या 65 वर विश्वास ठेवतो, हवा विरळ आहे म्हणून पेट्रोल आठ-नऊ टक्के कापतो, आणि हिरवा दिवा लागल्यावर क्लच सोडला की गाडी गळपटते. पहिल्या 18 मीटरमध्येच रन संपलेला असतो. तापून बसलेला सेन्सर थंड होईस्तोवर तू दुसऱ्या गिअरला गेलेला असतोस. मी सेन्सर काढून पुढे, वाऱ्याच्या तोंडाला नेला आणि तापमानाच्या दुरुस्तीचा तक्ता वरच्या टोकाला बराच सपाट केला. तेव्हा कुठे दुपारचे आणि सकाळचे रन सारखे सुटायला लागले.

पेट्रोलचंही बघ. पंपावर आता ई20 मिळतं, म्हणजे त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण साडेतेरा. म्हणून जुन्या लेखांत वाचलेले 12.8, 13 असे आकडे धरून बसू नकोस. गेज लॅम्ब्डावर लाव: 1 म्हणजे त्या इंधनाला नेमकी लागते तेवढी हवा, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण थ्रॉटलला 0.86 ते 0.88 च्या आसपास सुरुवात कर, इंधन कोणतंही असो, त्याचा अर्थ तोच राहतो.

हा लॅम्ब्डा दाखवणारा वाइडबँड सेन्सर मात्र डोळे झाकून मानू नये. तो ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. ठिणगी चुकली की न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर सांगतो लीन, म्हणजे पेट्रोल कमी. माणूस पेट्रोल वाढवतो, प्लग ओला होतो, आणखी ठिणग्या चुकतात, सेन्सर आणखी लीन सांगतो. तुझ्या गॅरेजवाल्याने पिगीबॅकमध्ये पेट्रोल वाढवत नेलंय असं तू लिहिलंस, तिथे मला हीच शंका आली. शिवाय तुझा सायलेन्सर आखूड आणि उघडा आहे. कमी आरपीएमला बाहेरची हवा आत परत शिरते आणि सेन्सर फसतो. सेन्सर शक्य तेवढा इंजिनाजवळ घे, आणि ऑटोट्यूनच्या, म्हणजे ईसीयूने स्वतःच मॅप शिकण्याच्या नादी लागू नकोस. तेरा-चौदा सेकंदांच्या रनमध्ये तक्त्याच्या एकेका चौकटीतून इंजिन पाव सेकंदातच निघून जातं, त्यात कसलं शिकणं. एक सिलिंडरच्या इंजिनात मॅनिफोल्डचा दाब इतका नाचतो की पूर्ण थ्रॉटलच्या कामाला थ्रॉटल आणि आरपीएम यांवरचा तक्ताच बरा, वर हवेच्या दाबाची दुरुस्ती द्यायची.

इतका त्रास असेल तर घ्यायचाच कशाला, असं तू विचारशील. लॉगसाठी. लाँच कंट्रोल (सुटताना आरपीएम धरून ठेवणं), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर), हव्या त्या आरपीएमला हवं ते टायमिंग, हे सगळं मिळतं आणि उपयोगाचंही आहे. दर वेळी त्याच आरपीएमला सुटता येणं ही ड्रॅगमध्ये लहान गोष्ट नाही. पण मला जर कोणी म्हणालं की यातलं एकच ठेव, तर मी लॉग ठेवीन. गाडी नेमकी कुठे अडखळली, त्या क्षणी व्होल्टेज किती, लॅम्ब्डा किती, क्लच किती घसरला, हे रन झाल्यावर दहा मिनिटांत समोर दिसतं. आधी आम्ही चार जण चार अंदाज बांधायचो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) बसायचा.

अमेरिकेतही हाच धडा दिसतो. तिथल्या टॉप फ्युएल गाड्या या सगळ्या खेळातल्या सर्वात वेगवान, आणि त्यांचं इंजेक्शन अजून यांत्रिक आहे. चालू रनमध्ये संगणकाने इंजिन सांभाळायला नियमांतच मनाई आहे. पण डेटा रेकॉर्डर प्रत्येक गाडीवर असतो आणि पुढच्या रनचा प्रत्येक बदल त्यावरून ठरतो. उलट प्रो स्टॉक वर्गात 2016 मध्ये कार्बोरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, 10,500 आरपीएमची मर्यादाही आली, आणि कार्बोरेटरमध्ये हयात घालवलेल्या लोकांना नव्याने शिकावं लागलं.

कार्बोरेटरबद्दल तुझे मित्र चुकीचं बोलत नाहीत. पल्सर 220 चं उदाहरण आहेच: 2007 ला इंजेक्शनवर आली, 2009 ला कार्बोरेटरवर गेली आणि ताकद थोडी वाढलीच. यामाहाच्या आरएक्स आणि आरडीवाले आजही जेटवर सुंदर वेळा काढतात. पण 390 ला ठिणगीसुद्धा ईसीयूच देतो. कार्बोरेटर लावलास तरी इग्निशनचा वेगळा डबा लागणारच, म्हणजे क्रँक सेन्सरचं तेच दुखणं आणि लॉग मात्र नाही. तुझी गाडी 2014 ची, थ्रॉटल केबलचा आहे, हे नशीब समज. 2017 पासूनच्या 390 ला थ्रॉटल मोटरने उघडतो, आणि स्वस्तातले बरेच डबे ती मोटर चालवूच शकत नाहीत.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मॅप तपासायला बायपासवर जाऊ नकोस. समृद्धीवर तर दुचाकीला बंदीच आहे. लॅपटॉप पाठीला बांधून रात्री रस्त्यावर रन मारणारी पोरं मी बघितली आहेत आणि त्यातल्या एकाच्या अंत्ययात्रेलाही गेलो आहे. डायनोसाठी (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) पुण्याला जायचं, दोन तास घ्यायचे, आणि मग अ‍ॅम्बी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर परवानगीने जो दिवस मिळेल त्या दिवशी पळवायची. अशी बदललेली गाडी रस्त्यावर कायद्यातही बसत नाही, ती टेम्पोतूनच ने.

तर सध्या पिगीबॅक राहू दे, त्यातला पेट्रोलचा मॅप शून्यावर आण, प्लग बदल, वायरी वेगळ्या कर, बॅटरी पूर्ण चार्ज कर आणि डायनोवर तिसऱ्या गिअरचे तीन रन काढ. तिथल्या वाइडबँडचा आणि आरपीएमचा आलेख इथे टाक, बॅटरीचं व्होल्टेज सोबत नोंदवून. मिसिंग गेली असेल तर डब्यासाठी पैसे जमवायला लाग आणि हार्नेस करताना मला सांग, एखाद्या रविवारी जालन्याला येतो.