स्किनहेडच्या गर्दीत नॅशनल फ्रंट कशी शिरली

जमैकन गाण्यांवर नाचणारी, डोकं भादरलेली ब्रिटिश ‘स्किनहेड’ पोरं अचानक नाझी सलाम कशी ठोकायला लागली, असं तुम्ही विचारलंय. त्यातला ‘अचानक’ आधी काढून टाका.

१९६९ च्या आसपास लंडनच्या कामगार वस्त्यांतल्या या पोरांनी स्का आणि रेगे हे संगीत शेजारच्या जमैकन मुलांकडूनच उचललं. जमैकन संगीत काढणाऱ्या ट्रोजन या लेबलच्या रेकॉर्ड त्यांनी अक्षरशः झिजवल्या. पण त्याच काळात पूर्व लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आशियाई माणसाला एकटं गाठून मारणंही सुरू होतं. पहिली पिढी अगदी निर्मळ होती, असं जुने चाहते सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. काळ्या गायकाचं प्रेम आणि आशियाई शेजाऱ्याचा द्वेष एकाच पोराच्या मनात नांदत होते.

पुढे पंक रॉकच्या लाटेत हा पंथ पुन्हा उभा राहिला आणि नॅशनल फ्रंट या कट्टर उजव्या, वर्णद्वेषी पक्षाने तो हेरला. त्याच्या युवा शाखेचं ‘बुलडॉग’ हे पत्र १९७७ मध्ये निघालं आणि फुटबॉल मैदानांच्या दारात विकलं जाऊ लागलं. कुठल्या मैदानावर वर्णद्वेषी घोषणा सर्वांत जोरात होतात, याची क्रमवारी त्यात छापत. मला ही युक्ती सगळ्यात घातक वाटते. पोराला राजकारण पटवायची गरजच नव्हती, आपला क्लब वर यावा एवढी ईर्षा पुरायची.

बँडचं मत काय, यालाही मग फारशी किंमत उरली नाही. शॅम ६९ या पंक बँडचा गायक जिमी पर्सी वर्णद्वेषाच्या उघड विरोधात होता, तरी १९७९ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमधला त्यांचा कार्यक्रम फ्रंटवाल्या स्किनहेडनी उधळलाच. ३ जुलै १९८१ ला लंडनच्या आशियाई वस्तीत, साउथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या पबमध्ये तीन ‘ऑय’ बँड, म्हणजे स्किनहेडांना आवडणारं रांगडं पंक वाजवणारे, वाजवणार होते. आम्ही राजकीय नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बसमधून उतरलेल्या पोरांपैकी काहींनी आशियाई दुकानांच्या काचा फोडल्या. वस्तीतली तरुण मुलं रस्त्यावर आली आणि रात्री तो पब जळाला.

पुढे १९८३ मध्ये स्क्रूड्रायव्हर या बँडची ‘व्हाइट पॉवर’ ही रेकॉर्ड आली ती फ्रंटच्याच लेबलवर. दुसरीकडे जागा मिळेना अशा बँडला पक्षाने रेकॉर्ड आणि मंच दोन्ही दिले, म्हणून या वळणाचा दोष मी नुसत्या बेकारीला देत नाही. १९८७ मध्ये स्क्रूड्रायव्हरचा गायक इयान स्टुअर्ट डोनाल्डसन याने फ्रंटपासून फुटून ‘ब्लड अँड ऑनर’ हे नव-नाझी संगीताचं जाळं काढलं.

त्याच सुमारास न्यू यॉर्कमध्ये वर्णद्वेषविरोधी स्किनहेडनी ‘शार्प’ ही आपली चळवळ सुरू केली. त्यांच्या बिल्ल्यावर पुढे जे शिरस्त्राण आलं, ते ट्रोजनच्या रेकॉर्डवरचंच.