नवरा घोरतो, मध्येच श्वास थांबतो, पण म्हणतो "मला तर छान झोप लागते". नागपुरात स्लीप क्लिनिकमध्ये नेमकं काय करतात?

ताई, तुमचे मिस्टर ४६ वर्षांचे, दर आठवड्याला चंद्रपूरला स्वतः गाडी चालवत जातात, आणि "पडल्या पडल्या झोप लागते, मग झोपेचा आजार कसला?" असं विचारतात. अगदी हेच वाक्य मी आमच्या घरी कितीतरी वर्षं ऐकलं, म्हणून सविस्तर लिहिते. ही लक्षणं स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची वाटतात.

माणूस टेकल्याबरोबर झोपतो, कारण त्याची झोप कधी पुरीच होत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हलत राहतं, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की मेंदू दचकून जागा करतो, माणूस जोरात श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. ही जाग काही सेकंदांचीच असते, सकाळी तिची आठवणही राहत नाही. म्हणून आजार ज्याला आहे त्याला तो ठाऊक नसतो, शेजारी झोपणारीला ठाऊक असतो. तुम्ही सोबत गेलंच पाहिजे, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय.

माझे मिस्टर अजनीहून बुटीबोरीला बाइकने जायचे. एका सकाळी छत्रपती चौकात सिग्नलवर त्यांना डुलकी लागली, मागच्या हॉर्नने जाग आली. त्याआधी याच आजाराच्या काय काय खुणा दिसल्या होत्या सांगते. बीपीच्या दोन गोळ्या चालू असूनही बीपी उतरत नव्हतं. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे, आम्ही शुगर तपासली, ती नॉर्मल. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. एका ठिकाणी "झोप नीट होत नाही" एवढंच ऐकून झोपेची गोळी लिहून दिली. त्या गोळीने घसा आणखी सैल पडतो आणि दचकून जाग येणंही मंदावतं. ते दहा दिवस आठवले की आजही माझे हात गार पडतात. दारूचंही तसंच. तपासणी होईपर्यंत दोन्ही घरात नको.

क्लिनिकमध्ये आधी एक कागद देतात, एपवर्थचा. आठ प्रश्न असतात: वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. १० च्या वर गेलं तर दिवसाची झोप जास्त समजतात. यांनी स्वतःला ६ दिले. डॉक्टरांनी तोच कागद मला भरायला लावला, माझे १५ झाले. मग टेपने मान मोजली, घसा आणि नाक पाहिलं.

रात्रीच्या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. केस धुऊन जा, डोक्याला तेल नको, नाहीतर वायरी चिकटत नाहीत. डोकं, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती, पाय इथे सेन्सर, नाकाखाली नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप. "एवढ्या वायरींत कोण झोपेल?" असं हेही म्हणाले होते, पण झोपले. थोडी कमी झोप लागली तरी बहुतेक वेळा निदान होतं.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा बघा: तासाला किती वेळा श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला किंवा उथळ झाला. ५ च्या खाली ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. यांचा ४७ आला. मध्यरात्रीनंतर त्याच खोलीत टेक्निशियनने मास्क लावून दाब हळूहळू वाढवला. काचेपलीकडे स्क्रीनवर त्या तुटक रेषा सलग होताना मी पाहिल्या आणि मला रडू आलं.

त्या यंत्राला सीपॅप म्हणतात. ते ऑक्सिजन देत नाही, साध्या हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार प्रसिद्ध केला, त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडावं लागायचं. हे ऐकल्यावर यांचा मास्कला विरोध बराच मावळला.

खरी परीक्षा पहिल्या महिन्यात असते. यंत्र सोडणारे बरेच जण तिथेच सोडतात, आणि कारण पुष्कळदा मास्कचं असतं. यांचं तोंड उघडं राहून हवा गळायची, तेव्हा नाकाचा मास्क बदलून नाक-तोंड झाकणारा घेतला. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय केली. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागात, डिस्टिल्ड वॉटरच घाला. उन्हाळ्यात लाइट जाते, म्हणून इन्व्हर्टरवर लावा आणि तेव्हा ह्युमिडिफायर बंद ठेवा, तो फार वीज खातो. आधी भाड्याने मिळत असेल तर भाड्यानेच घ्या. वजनही उतरवायचंच, पण ते उतरेपर्यंत यंत्राशिवाय थांबू नका.

धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे निवडताना तीन गोष्टी विचारा. रात्रभर टेक्निशियन जागा असतो का? रिपोर्ट डॉक्टर स्वतः तपासतात की मशीनचाच छापून देतात? आणि यंत्र घेतल्यावर त्याचा डेटा महिन्याने कोण बघणार? घरी करायची छोटी तपासणीही असते, तीही चालते. पण बहुतेक वेळा तिच्यात मेंदूची नोंद नसते, म्हणून ती नॉर्मल आली आणि लक्षणं तशीच असली तर क्लिनिकमधली करा.

तिथे सगळ्यांनाच मास्क देत नाहीत. शेजारच्या काकूंना रात्री पाय वळवळायचे, त्यांचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी निघालं आणि लोहावर आराम पडला. झोपच न येणाऱ्यांसाठी गोळ्यांआधी सवयी-विचार बदलण्याची थेरपी असते, सीबीटी-आय म्हणतात.

तुम्ही या आठवड्यात एवढं करा. मोबाइलवर व्हिडिओ काढा, पण पहाटे चार-पाचला. तेव्हा स्वप्नांची झोप जास्त असते आणि श्वास सहसा जास्त थांबतो, उताणं झोपल्यावर तर विशेष. तो डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टरांनी उपचार लागू पडेपर्यंत बाइक बंद केली होती, हे खापरीपर्यंत मेट्रोने आणि पुढे कंपनीच्या बसने जायचे. तुमच्या मिस्टरांनाही तोवर चंद्रपूरला एसटीने जाऊ द्या.