प्रश्न तुमचे : पूर्वेला मावळलेला सूर्य

प्रश्न : युद्ध चालू असतानाच त्याच युद्धावर पिक्चर काढलाय असं कधी झालंय का? आणि लोक बघायला जातात का हो असलं?

उत्तर : झालंय की! हॉलिवूडचा हिरो जॉन वेन याचा, व्हिएतनाम युद्धावरचा 'द ग्रीन बेरेट्स' घ्या. १९६८ च्या जानेवारीअखेर टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्ट फौजांनी केलेल्या हल्ल्यांनी अमेरिकेत भल्याभल्यांचा विश्वास हलला, कॉलेजातली पोरं मोर्चे काढतायत, आणि जुलैत हा पिक्चर थेटरात, ज्यात युद्धावर शंका घेणारा पत्रकार स्वतः जाऊन बघतो आणि मतच बदलतो. वेनने १९६५ लाच प्रेसिडेंट जॉन्सनना पत्र टाकलेलं, मग काय, हेलिकॉप्टरं, सैनिक, फोर्ट बेनिंगचा तळ, सगळं लष्कराकडून. आता हा तळ पडला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, त्यामुळे व्हिएतनामच्या जंगलात चक्क पाइनची झाडं! शेवटी तर कहरच, वेन एका अनाथ पोराला घेऊन किनाऱ्याने चाललाय आणि सूर्य समुद्रात मावळतोय. अहो, व्हिएतनामचा बहुतेक सगळा समुद्र पूर्वेला! समीक्षकांनी सोलून काढलं, पण गल्ला मात्र दणकून जमला. मला स्वतःला पिक्चर रटाळ वाटला, तो सूर्य सोडून.